तिचं काही खरं नाही

‘यातल्या एकाही कागदाचं भाषांतर तुम्ही करायचं नाही.’ नमस्कार-चमत्कार झाल्यावर न्यू जर्सीतल्या वकीलबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मला झोंबलं. नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आणि आवाराबाहेर मिळून एकतीस वर्षं मी दुसरं केलंय काय? खरेदीखतं, मृत्युपत्रं, फिर्यादी, सातबारे, शाळा सोडल्याचे दाखले, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. आणि माझ्या सख्ख्या भाचीचे कागद इंग्रजीत नेणार दुसराच कुणी?

कारण साधं होतं. भाचीनं अमेरिकेत आश्रय मागितला होता आणि त्या केसमध्ये मी साक्षीदार होते. नातेवाइकानं भाषांतर करू नये असा तिथे नियम नाही. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर जोडायचं आणि खाली भाषांतरकारानं सही करून लिहून द्यायचं, की मला या भाषा येतात आणि हे माझ्या कुवतीप्रमाणे खरं व अचूक आहे. एवढंच. पण साक्षीदारानंच पुरावा इंग्रजीत आणला, तर सरकारी वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. बाईंचं म्हणणं बरोबर होतं. मी कागदांचा गठ्ठा ओळखीच्या एका भाषांतरकाराकडे दिला आणि गप्प बसले. गप्प बसण्याचा पश्चात्ताप कसा झाला ते पुढे येईलच.

हे भाचीला विचारून लिहितेय. नावं लिहिणार नाही. जातीही नाही, कारण आपल्याकडे जात कळली की गाव विचारतात आणि गाव कळलं की घर सापडतं.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या ताईची मुलगी. मुलगा तिच्याच कॉलेजातला, आमच्यापेक्षा ‘खालचा’, असं ताईच्या घरी म्हणतात. दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं ठरवलं. १९५४चा कायदा. त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि विवाह अधिकारी ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतो. ज्यांच्यापासून लपायचं त्यांनाच सरकारी खर्चानं वर्दी. २२ ऑक्टोबर २०१८ला नोटीस लागली आणि आठवड्याच्या आत तिचा फोटो ताईच्या दिराच्या व्हॉट्सॲपवर. भाची एक सॅक घेऊन माझ्याकडे आली, शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला.

९ नोव्हेंबरला भाऊबीज होती. रात्री साडेअकराला बेल वाजली. दारात ताईचा मुलगा, म्हणजे भाचीचा सख्खा भाऊ, आणि त्याचा काका. खाली गाडीत आणखी कुणीतरी. मी साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला कमी भीती वाटली असती. सणाला पाया पडायला आल्यासारखा हळू आवाज होता. म्हणाला, ‘मावशी, तिला सांग. आता तिचं काही खरं नाही.’ काका मागून म्हणाला, ‘आणि त्या पोराला तर आम्ही बघूनच घेऊ.’ मग दोघं जिना उतरून गेले. लहानपणी दिवाळीची सुट्टी हा मुलगा माझ्याकडे काढायचा. अनारसे करताना पिठाला हात लावू नको म्हणून मी त्याला ओरडायची.

त्याच रात्री आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. सणाचा दिवस आहे, घरचा मामला आहे, समजुतीनं घ्या, असं बरंच ऐकून झाल्यावर एनसी मिळाली. कलम ५०४, ५०६. एनसी म्हणजे अदखलपात्र. पोलीस स्वतःहून तपास करणार नाहीत, न्यायालयात दाद मागा, असं त्या कागदावरच लिहिलेलं असतं. मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणून तारीख पडली १०/११/२०१८. ही तारीख लक्षात ठेवा.

२६ नोव्हेंबरला लग्न झालं. दोघं पुण्याला गेले. घरमालकानं नियमाप्रमाणे भाडेकरूची माहिती पोलिसांत दिली, आणि पत्ता कुठून फुटला ते अजून माहीत नाही, पण चार महिन्यांत फुटला. जावयाचा डावा हात दोन ठिकाणी मोडला. त्याला आधीच तिकडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळालेला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये तो विद्यार्थी म्हणून आणि ती त्याची बायको म्हणून गेली. मग साथ आली, इकडून पैशाची वाट बंद झाली, कोर्स सुटला, व्हिसाही गेला. तोपर्यंत कुणीतरी सांगितलं होतं, की आश्रयाचा अर्ज तिथे पाऊल ठेवल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. अकराव्या महिन्यात तिनं तो केला.

शेजारच्या काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या घाबरून म्हणाल्या, ‘असायलम म्हणजे वेड्यांचं ना गं?’ त्यांची चूक नाही. आपल्याकडे हा शब्द त्याच दारानं आला. आणि मराठीत दुसरा चांगला शब्द तरी कुठे आहे? ‘निर्वासित’ म्हटलं की फाळणीनंतर देवळालीला आलेली सिंधी कुटुंबं डोळ्यांसमोर येतात. ‘शरणार्थी’ हिंदी बातम्यांतला वाटतो. शिवाय ‘शरण’ हा विचित्र शब्द आहे. शरण दिली तर आसरा, शरण गेलो तर हार. कायद्याच्या मराठीत शब्द नाही, कारण कायदाच नाही. निर्वासितांबद्दलचा १९५१चा करार आणि १९६७चा त्याला जोडलेला पूरक करार यांवर भारताची सही नाही. तिबेटी आले, श्रीलंकेचे तमिळ आले, त्यांची सोय त्या त्या वेळच्या सरकारी हुकमानं झाली.

आणि गंमत पाहा, मी राहते कुठे? शरणपूर रोडला. कोर्टात जाता-येता एकतीस वर्षं ती पाटी वाचली, पण हे नाव कुठून आलं ते भाचीच्या केसच्या निमित्तानं शोधलं. १८५०च्या दशकात विल्यम प्राइस नावाच्या मिशनऱ्यानं इथे वस्ती केली. अरबी गलबतांवरून इंग्रजी आरमारानं सोडवलेली आफ्रिकी गुलाम मुलं इथे आणली, त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्या जागेचं इंग्रजी नाव होतं ‘आफ्रिकन असायलम’. त्यातलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेच्या आत मेलेल्या डॉ. लिव्हिंग्स्टन या शोधप्रवाशाचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही. नाशिकच्या शाळेत शिकलेला मुलगा! पुढे यांच्यातले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनला गेले. आज इथे विचारलं तर लोक दवाखाने आणि कपड्यांची दुकानं सांगतील.

कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पिताना एका जुन्या वकीलसाहेबांना मी हे उत्साहानं सांगितलं, तर त्यांनी भगूरवर उडी मारली. ‘आश्रयाचं म्हणाल तर सावरकरांची केस वाचा.’ ८ जुलै १९१०, मार्सेय बंदर, बोटीतून उडी. फ्रेंच पोलिसानं पकडून पुन्हा इंग्रजांच्या हाती दिलं. फ्रान्सच्या भूमीवर पाय लागला होता, म्हणून प्रकरण हेगच्या लवादाकडे. फेब्रुवारी १९११चा निकाल: देण्यात चूक झाली, पण दिलेला माणूस परत करायला इंग्लंड बांधील नाही. ‘म्हणजे काय,’ साहेब बशीत चहा ओतत म्हणाले, ‘पाय लागून उपयोग नाही, कागद लागतो.’

कागदांचं मला काय सांगता.

मला वाटायचं, कोर्ट म्हणजे कोर्ट. तिथलं इमिग्रेशन कोर्ट मात्र वेगळंच प्रकरण निघालं. ते तिथल्या न्यायव्यवस्थेत मोडतच नाही. न्याय खात्याचं, म्हणजे सरकारचंच एक ऑफिस. न्यायाधीश काळा झगा घालतात, पण त्यांना नेमतो ॲटर्नी जनरल, म्हणजे त्याच खात्याचा प्रमुख. समोरचा वकीलही सरकारचाच, गृहसुरक्षा खात्याचा. गुन्हेगाराला फुकट वकील मिळतो ती प्रसिद्ध सोय इथे नाही, कारण हे प्रकरण दिवाणी धरतात. वकील आणा, पण स्वतःच्या पैशानं. लहान मुलंसुद्धा वकिलाशिवाय उभी राहतात, हे मी वकीलबाईंना दोनदा विचारून खात्री केली.

आधी एका अधिकाऱ्यानं भाचीची मुलाखत घेतली, अर्ज मान्य केला नाही आणि व्हिसा संपलेला म्हणून प्रकरण कोर्टाकडे पाठवलं. तिथे सगळं पहिल्यापासून. प्रत्येकाला ‘ए’ अक्षर आणि पुढे नऊ आकडे असा नंबर असतो. भाचीला स्वतःचा मोबाइल नंबर आठवत नाही, तो आठवतो. पहिली सुनावणी नोव्हेंबर २०२२ मध्ये, व्हिडिओवर, काही मिनिटांची: आरोप मान्य का, आश्रय मागताय का, भाषा कोणती, पुढची तारीख. आपल्याकडे जिला नुसतं ‘तारीख’ म्हणतात तीच. पुढची पडली जानेवारी २०२४. देशभर लाखो प्रकरणं तुंबलेली असल्यावर दुसरं काय होणार. मधल्या काळात घर बदललं तर पाच दिवसांत कोर्टाला फॉर्म भरून कळवायचं. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि तारीख चुकली, तर माणसाच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम. या दोघांनी त्या काळात तीन घरं बदलली आणि दर वेळी ट्रकमध्ये सामान चढायच्या आधी तो फॉर्म गेला.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते पाच शब्दांनी. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व, राजकीय मत. या पाचांपैकी एका कारणासाठी छळाची भीती असेल तरच आश्रय. नुसता जिवाला धोका पुरत नाही, धोका ‘का’ ते या पाचांत बसलं पाहिजे. पाचांत जात नाही. वकीलबाईंनी तिला चौथ्या खणात बसवलं: जातीबाहेर लग्न केलेल्या भारतीय बायका, हा एक सामाजिक गट. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे अशा बायकांना कुठल्याच गटात घेत नाहीत, हीच तर तक्रार आहे. त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

भीती किती असावी, याचाही हिशेब आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये म्हटलंय, की दहात एक शक्यता असली तरी भीती साधार ठरू शकते. दहात एक. भाची म्हणाली, मला दहातल्या नऊ वाटतात, पण एक सिद्ध करताना घाम फुटलाय.

पुरावे गोळा करायचं काम नाशिकच्या बाजूनं माझ्याकडे. विवाहाचा दाखला, एनसी, पुण्याचे हॉस्पिटलचे कागद. शिवाय इकडे असं घडतं हे दाखवणारी कात्रणं. त्यासाठी मला लांब जावं लागलं नाही. नगर जिल्ह्यातल्या सोनईत जानेवारी २०१३ मध्ये तीन दलित तरुणांना प्रेमप्रकरणावरून मारलं, त्याचा खटला आमच्याच नाशिक कोर्टात चालला होता. जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली तेव्हा आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी त्या दिवशी तिथेच होते, दुसऱ्याच कुणाच्या गहाणखताचं भाषांतर करत. घरी कुणाला वाटलं होतं, की याच वर्षी हा विषय आपल्या उंबऱ्यावर येईल?

माझं स्वतःचं शपथपत्र मी रीतसर केलं: शंभराचा मुद्रांक, नोटरीचा लाल शिक्का, ओळख पटवणाऱ्या वकिलाची सही. वकीलबाई म्हणाल्या, शिक्क्यांची गरज नव्हती, खोटं लिहिल्यास शिक्षेस पात्र आहे असं एक वाक्य आणि सही पुरेशी आहे. एक वाक्य! त्या शिक्क्यांसाठी मी दीड तास रांगेत होते.

जानेवारी २०२४ची तारीख वाया गेली. कोर्ट दुभाषी फुकट देतं, पण त्या दिवशी मराठीऐवजी हिंदीचा आला. भाचीला हिंदी येतं, इंग्रजीही येतं, न्यायाधीशांनीही विचारलं, चालेल का? तिनं नाही म्हटलं. मला आधी तिचा राग आला. एवढी थांबलेली तारीख! पण आता वाटतं, पोरगी शहाणी. २००५च्या तिथल्या एका कायद्यानं न्यायाधीशाला मोकळीक दिलीय, की सांगण्यात विसंगती आढळली तर ती मुद्द्याची आहे की फालतू हे न बघता साक्ष अविश्वसनीय ठरवता येते. अशा ठिकाणी माणसानं आपल्याच भाषेत चुकावं. पुढची तारीख १९ मार्च २०२५. चौदा महिने.

त्या दिवशी नाशिकची रंगपंचमी. दुपारभर तिवंध्याच्या, शनी चौकाच्या रहाडींत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदांत, उड्या पडत होत्या, आणि मी सकाळपासून स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद होतात का ते बघत होते. साक्ष फोनवर होणार होती. तिथे दुपारी एक, इथे रात्री साडेदहा. खोलीत एकटं असायचं, समोर कागद नको, दार बंद. परदेशी कॉलचा खर्च कोर्ट करत नाही, वकिलानं प्रीपेड कार्ड आणायचं असतं. बाईंनी दोन आणली होती. मी फ्रिजही बंद केला, घरघर नको म्हणून. दुसऱ्या दिवशी दूध नासलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. आधी न्यायाधीश, मग दुभाषी. दुभाष्याचं मराठी व्याकरणशुद्ध, पण बरीच वर्षं देशाबाहेर ठेवलेलं, कपाटातल्या शालूसारखं. ‘आपण सत्य सांगण्याची प्रतिज्ञा करता काय?’ मी सवयीनं म्हणाले, ‘ईश्वराची शपथ घेऊन सांगते, खरं सांगेन.’ आयुष्यभर ऐकलं होतं, बोलले पहिल्यांदा.

सुरुवात बरी झाली. मग वकीलबाईंनी विचारलं, त्या रात्री भावानं नेमकं काय म्हटलं? मी त्याचं वाक्य त्याच्याच आवाजात सांगितलं. ‘मावशी, तिला सांग. आता तिचं काही खरं नाही.’

क्षणभर शांतता. मग दुभाष्याचं इंग्रजी माझ्या कानात आलं: आँट, टेल हर, नाउ नथिंग अबाउट हर इज ट्रू.

मला घाम फुटला. शब्दाला शब्द अगदी बरोबर होतं. आणि त्या कोर्टात, जिथे सगळं याच प्रश्नावर अडलंय की ही मुलगी खरं बोलते की नाही, तिथे तिच्या मावशीनं शपथेवर सांगितलं होतं, की सख्खा भाऊ म्हणाला, हिचं काहीच खरं नाही.

‘नो, नो,’ मी थेट इंग्रजीत म्हणाले, ‘दॅट इज नॉट द मीनिंग.’

न्यायाधीशांचा आवाज आला. साक्षीदारानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मराठीत द्यावं आणि भाषांतराचं काम दुभाष्याकडे सोडावं. दुभाष्यानं तेही मला मराठीत सांगितलं, बिचारा. मी गप्प. एकतीस वर्षं कोर्टात साक्षीदारांना मध्ये बोलू नका म्हणून दटावलेलं मी स्वतः पाहिलंय.

वकीलबाई हुशार. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, पण माझा आवाज कळला. त्यांनी विचारलं, ‘ते वाक्य ऐकून तुम्हाला काय वाटलं?’ आता हा माझा प्रश्न होता. मी म्हणाले, ‘ते तिला मारून टाकणार, असं वाटलं. आमच्याकडे एखाद्याचं काही खरं नाही म्हणजे तो वाचत नाही. खोटं बोलण्याशी त्याचा संबंध नाही. घाटात ब्रेक फेल झालेल्या गाडीबद्दलही आम्ही असंच म्हणतो.’ दुभाष्यानं हे नीट इंग्रजीत नेलं आणि मग स्वतःच म्हणाला, दुभाषी आपलं आधीचं भाषांतर दुरुस्त करू इच्छितो. त्याला तशी मुभा असते. पण तेवढ्यात खाली रस्त्यावर कुणीतरी ढोल बडवत गेलं, आणि त्यानं दुरुस्त करून काय म्हटलं ते मला ऐकूच आलं नाही.

सरकारी वकील पुरुष होता, आवाजावरून तरुण. त्रास देणारा नव्हता, पण सरळ जात होता. तुम्ही अजून त्याच घरात राहता? हो. तुम्हाला कुणी इजा केली? नाही. मग तुमच्या भाचीलाच धोका कसा? मी म्हणाले, ‘मी कुणाशी लग्न केलं नाही ना. त्यांची इज्जत माझ्याजवळ ठेवलेली नव्हती.’ कायदे आहेत, भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच अशा जोडप्यांना संरक्षण द्यायला सांगितलंय, हे तुम्हाला माहीत आहे? माहीत आहे, म्हटलं. तो निकाल मार्चचा होता आणि एनसी नोव्हेंबरची.

यावर तो थांबला. कागद चाळल्याचा आवाज आला. ‘नोव्हेंबरची? माझ्यासमोरच्या भाषांतरात तक्रारीची तारीख ११ ऑक्टोबर २०१८ दिसते. लग्नाची नोटीस २२ ऑक्टोबरची. नोटीस लागायच्या आधीच धमकीची तक्रार कशी?’

दुभाषी हे मराठीत सांगेपर्यंत मला कळून चुकलं होतं. माझ्या ओळखीच्या त्या शहाण्यानं आकडे जसेच्या तसे ठेवले होते: १०/११/२०१८. अमेरिकेत महिना आधी लिहितात. आमची दहा नोव्हेंबरची मध्यरात्र तिकडे अकरा ऑक्टोबर झाली होती, आणि पाच वर्षं ती फाइलमध्ये तशीच पडून होती. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यानंही तशीच वाचली असणार. माझ्या हातात कागद असता तर मी महिना अक्षरी लिहिला असता. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी लिहितात, ती काय हौस म्हणून?

‘आमच्याकडे दिवस आधी, महिना मग,’ मी म्हणाले. ‘त्या दिवशी भाऊबीज होती. भाऊबीज दिवाळीत येते. २०१८ सालची दिवाळी नोव्हेंबरात होती, कुठल्याही कॅलेंडरवर बघा. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला असते.’ कार्तिक शुद्ध द्वितीयेचं दुभाष्यानं काय केलं असेल ते देव जाणे. न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं, मूळ कागदावर इतर तारखा कशा लिहिल्यात? वकीलबाईंनी विवाहाचा दाखला पुढे केला. त्यावर २६/११/२०१८. सव्विसावा महिना नसतो. प्रश्न मिटला.

शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, ‘मॅडम, तुमचा व्यवसाय काय?’

‘कोर्टातली भाषांतरकार,’ मी मराठीत म्हणाले. दुभाष्यानं सांगितलं आणि पलीकडे कुणीतरी खोकलं. हसू असावं.

फोन बंद झाला तेव्हा साडेबारा वाजले होते. मी तशीच बसून राहिले. मग जाणवलं, की मी माझ्या भाच्याचं नाव घेऊन, त्याच्या बापाचं नाव घेऊन, परक्या देशाच्या कोर्टात त्याच्याविरुद्ध शपथेवर बोलले. आश्रयाच्या केसमधली माहिती तिथलं सरकार इकडे कळवत नाही, ती गोपनीय असते. पण ताईला मी स्वतःच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, फोनवर. ती म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. तो ‘बरं’ मला अजून कुठल्याही भाषेत नेता आलेला नाही.

निकाल मे महिन्यात लेखी आला. मंजूर. तीस दिवस सरकारला अपिलाची मुदत, तीही अपिलाविना गेली. जावई तिच्याच अर्जात होता, त्यालाही मिळालं. एक वर्षानं ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. आणि वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, भारतात जायचं नाही. ज्या देशाच्या भीतीनं आसरा घेतला, तिथेच सुट्टीला गेलात तर भीती कसली? बाहेर जायचं तर त्यांच्याकडून प्रवासाचं वेगळं पुस्तक घ्यायचं. ताईचे गुडघे गेलेत, तिचा विमानाचा प्रश्नच नाही. भाचीनं यावर काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. तिनं फक्त गोदाकाठचा, ऐन दुपारचा, गर्दीतला रामकुंडाचा व्हिडिओ मागितला. मी पाठवला. कुणीतरी मध्येच येतं आणि एक म्हातारी माझ्यावर खेकसते, तो भाग काप म्हटलं तर म्हणाली, तोच तर हवाय.

रविवारी ती फोन करते. मागच्या वेळी मी एक राहिलेली गोष्ट विचारून घेतली. त्या दिवशी ढोल वाजत होता, तेव्हा दुभाष्यानं दुरुस्त करून काय म्हटलं?

‘शी इज फिनिश्ड,’ ती म्हणाली. ‘का गं?’

ठीक आहे. चूक नाही. पण ‘फिनिश्ड’मध्ये झालेलं येतं, आणि तो तर पुढचं सांगत होता. मी असते तर ‘शी वोन्ट बी स्पेअर्ड’ लिहिलं असतं.